आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

उभा राहा. बसायचं नंतर.

काल लॅबमधला सात नंबरचा पीसी डोमेनला जोडायला सांगितला होता. संध्याकाळी येऊन बघतो तर महाराज पेनड्राइव्ह लावून विंडोजच नव्यानं टाकायच्या तयारीत! हात धरला म्हणून वाचलं. एरर काय आला, विचारलं, तर म्हणे, ‘डोमेन घेत नाही सर.’ डॉक्टरकडं गेल्यावर ‘बरं नाही’ एवढंच सांगून गप्प बसतोस का?

त्या चौकटीत स्वच्छ लिहिलं होतं की डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. खाली ‘डिटेल्स’चं बटण होतं. ते काय शोभेला दिलंय? दाबलं असतंस तर कळलं असतं, पीसीनं डीएनएसला एसआरव्ही रेकॉर्ड मागितला आणि ‘असं नावच नाही’ हे उत्तर आलं. मी आयपीकॉन्फिग ऑल मारलं. डीएनएसपुढं काय दिसलं? ८.८.८.८! ते गूगलचं, बाबा. आपल्या चार भिंतींतलं नाव त्याला कोण सांगणार? गुलमंडीच्या बोळातलं घर तू पुण्याच्या स्टँडवर उभा राहून विचारत होतास!

वर तोंड करून सांगतोस, ‘पिंग तर जात होता.’ जाणारच. रस्ता आहे एवढंच त्यातनं कळतं, घर कोणतं ते नाही. डीएनएसच्या रकान्यात आपल्या सर्व्हरचाच पत्ता हवा. बाहेरचं काय विचारायचं ते सर्व्हर विचारेल. आणि दुसऱ्या रकान्यात ‘असू दे’ म्हणून गूगल ठेवायचं नाही. आज चालतं, उद्या चालत नाही, ही भुताटकी तिथूनच सुरू होते.

पत्ता बदलला, तरी गाडी अडली. का? उजव्या कोपऱ्यातली तारीख बघ म्हटलं, तेव्हा तुझे डोळे उघडले. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, घड्याळ काही वर्षं मागं. कर्बेरॉस साधारण ५ मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही. फळ्यावर दोनदा लिहिलं होतं मी.

आता सगळ्यात मोठी अक्कल ऐक. तुझ्या पेनड्राइव्हवर होतं विंडोज होम. होमला डोमेनमध्ये जायची सोयच नाही, प्रो तरी लागतं. म्हणजे जे दहा मिनिटांत जुळलं असतं, ते तू कायमचं बंद करायला निघाला होतास.

उद्या वाळूजच्या एखाद्या कंपनीत चाळीस पीसी अडले, तर चाळीसदा विंडोज टाकशील?

वही काढ. एरर शब्दन् शब्द उतरवायचा. मग डीएनएस, मग घड्याळ, मग आवृत्ती. तरी अडलंच तर विंडोजच्या डीबग फोल्डरमधली नेटसेटअपची लॉग फाइल वाचायची. हे लिहून झाल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही.

आणि जाताना दुकानातनं सीआर २०३२ चा सेल घेऊन ये. सात नंबर उद्या तूच जोडायचा आहेस.