मिटवा, पण कुणाच्या वाट्यातून?



वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी निघाली, की घरची माणसे आमच्याकडे येतात. "फादर, तुम्हीच काय ते सांगा." लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 12) असाच एक जण भावाकडून वाटा मिळावा म्हणून येशूकडे आला होता. प्रभूने वाटणी करून देण्यास नकार दिला आणि लोभाविषयी सावध केले. आम्ही मात्र सांगून मोकळे होतो, "कोर्टात जाऊ नका, आपसात मिटवा." आणि मिटतेही. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, माहेर तुटू नये म्हणून. वास्तविक मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच. मग ही शांती कोणाच्या खर्चाने आली? हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला, हे कबूल करतो.

मध्यस्थी म्हणजे एकाला गप्प बसवणे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 नुसार कोर्ट 2002 पासून असे वाद मध्यस्थाकडे पाठवू शकते. मध्यस्थ निकाल देत नाही. तो सर्वांचे ऐकतो, गरज पडल्यास एकेकट्याचेही, आणि तिथले बोलणे बाहेर जात नाही. तडजोड कोर्टाने नोंदवली की तिचा हुकूमनामा होतो.

बहिणीने राजीखुशीने आपला वाटा भावाला दिला, तर ते दान. पण तो आपला आहे, हे तिला आधी कळायला नको का?

यापुढे वाटणीसाठी आमच्याकडे येताना बहिणीलाही आणा. तिच्या वतीने जावईबापू नकोत. आम्ही आधी तिला विचारू.