स्वावलंबन की दीर्घसूत्रता?

दीर्घसूत्री म्हणजे लांब सूत ओढणारा. काम दोन घटकांचे असते, पण हा त्याचा धागा महिनोन्‌महिने ओढीत बसतो. भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना आळशी आणि दीर्घसूत्री हे दोन शब्द वेगवेगळे घातले आहेत. असे का? तर आळशी माणूस हातच हलवीत नाही. दीर्घसूत्री हात हलवतो, पुष्कळ हलवतो. फक्त जे काम करायचे, त्याला तेवढे हात लावीत नाही. आळशी ओळखू येतो, हा ओळखू येत नाही. पुष्कळदा तर तो उद्योगी म्हणून वाखाणला जातो.

आता गावोगावी मोटारी झाल्या आहेत, तेव्हा दृष्टान्तही मोटारीचाच घेऊ. समजा, एक गृहस्थ आहेत. हाताचे कसबी. गाडीचे इंजिन ऑइल स्वतः बदलतात, एअर फिल्टर झाडतात, दिव्याचा बल्ब घालतात. एके दिवशी ब्रेक दाबताच पुढच्या चाकातून किरकिर आवाज येऊ लागला. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक लहानशी लोखंडी पट्टी असते. पॅड झिजत आले की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती ओरडावी म्हणूनच बसवलेली असते. गृहस्थांना हे ठाऊक आहे. ते त्याच दिवशी नवे पॅड विकत आणतात आणि डिकीत ठेवतात.

पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी पाऊस. तिसऱ्या रविवारी गृहस्थ सकाळपासून गाडीपाशी होते, पण काचा पुसल्या, गालिचे झटकले, सगळी गाडी आरशासारखी केली, आणि चाकाला हात लावायच्या वेळी जेवायची वेळ झाली! असे चार महिने गेले. नवे पॅड डिकीत बसून प्रवास करताहेत, आणि झिजलेले बिचारे चाकाशी राबताहेत.

या माणसाला आळशी कोण म्हणेल? त्याची अडचण वेगळी आहे, आणि ती खोटी नाही. काम अवघड आहे. चाकाचे नट सैल करून गाडी जॅकवर चढवायची, खाली लोखंडी घोड्या लावायच्या, चाक काढायचे, कॅलिपर उघडायचा, पिस्टन मागे सारायचा. गंजलेला बोल्ट मध्येच तुटला तर? गाडी उघडी पडली आणि सकाळी कामावर जायचे असले तर? मनातल्या मनात ही भीती असते, आणि तोंडाने मात्र ‘वेळ मिळत नाही’ असे निघते.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणेल, “महाराज, भीती हा तर विवेक झाला. येत नाही त्या कामात हात घालणे हाच अविवेक.” अगदी खरे! ब्रेकचे काम अर्धवट ज्ञानाने करू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये. नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक चारसहा वेळा दाबून घट्ट करून घ्यावा लागतो. एवढे विसरले तरी पहिल्याच वळणावर घात होतो. पण भीतीने माणूस एक तर जाणत्याकडे शिकायला जावा, नाही तर काम जाणत्याच्या हाती द्यायला जावा. आमचे गृहस्थ जातात कुठे? उद्याकडे! घरच्यांनी म्हटले, “गॅरेजमध्ये तरी टाका,” तर उत्तर ठरलेले, “छे! एवढ्यासाठी पैसे कशाला? मी करणार आहे ना!”

गाठ नेमकी येथे आहे. ‘मी करणार आहे’ या तीन शब्दांनी स्वतःचा हात हलला नाही, आणि मिस्त्रीचाही हात मात्र अडवून धरला. स्वावलंबन म्हणजे आपले काम आपण करणे. आपण न करणे आणि दुसऱ्यालाही करू न देणे, याला स्वावलंबनाचे नाव कसे द्यावे? तो नुसता ‘मी’ आहे, आणि तो मुळात कुशल असल्यामुळे अधिकच चिवट आहे. ज्याला काही येत नाही, तो पहिल्या दिवशीच गॅरेज गाठतो.

दुसरा पूर्वपक्ष असा की, गाडी माझी, नुकसान माझे. हेही टिकत नाही. नव्या पॅडचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीनच्या आसपास आला की बदलावा म्हणतात. पुढे लोखंड लोखंडावर घासते आणि डिस्क खराब होते. तेवढे नुकसान आपले म्हणू. पण मागच्या बाकावर बसलेली नातवंडे कोणाची? रस्त्याच्या कडेने चाललेली म्हातारी कोणाची? सासवडकडून दिवे घाट उतरणाऱ्या गाडीपुढे वारीच्या दिवसांत कोण चालत असते, हे वाचकांना सांगायला नको. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या १९०व्या कलमात धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा मानला आहे. आणि त्यात केवळ ठाऊक असलेला दोष धरलेला नाही, साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही धरला आहे. म्हणजे ‘पाहिले नाही’ ही सबब कायद्यालासुद्धा चालत नाही, मग धर्माला कशी चालेल?

शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. कोळी तळे उपसू लागले. एक मासा आधीच निघून गेला. दुसरा ऐन वेळी युक्ती लढवून वाचला. तिसऱ्याचे नावच दीर्घसूत्र, तो गेला. ब्रेकच्या बाबतीत मधल्या माशाची सोय नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून पुष्कळ कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ओलावलेले ऑइल घाटाच्या उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. त्या क्षणी युक्ती कुठली लढवणार? आणि हे ऑइल पॅडसारखे ओरडून सांगतही नाही.

मग सगळीच कामे आजच्या आज करावीत काय? नाही. दाराचा ओरखडा वर्षभर थांबला तरी कोणाचे काही जात नाही. थांबल्याने वाढत नाही आणि दुसऱ्याला भोगावे लागत नाही, ते काम खुशाल थांबवावे. पण जे वाढते आणि दुसऱ्यावर जाते, त्याला तिथी ठरवावी. त्या तिथीला आपण पाना उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये, आणि तोवर ती दारातून हलवायची नाही. त्यात कमीपणा काही नाही. डिकीतले पॅड मिस्त्रीच्या हाती दिले, तरी गाडी थांबणार आपल्याच पायाने.