आधी तोबरा, मग रिकीब

सुटीत माथेरानला किंवा महाबळेश्वरला गेलो की मुले घोड्यावर बसण्याचा हट्ट धरतात. आपण पैसे मोजतो, मूल खोगिरावर चढते, छायाचित्र निघते आणि थोड्या वेळात ते खाली उतरते. तेवढ्यात ते घोड्याविषयी काय शिकले, हे आपण त्याला कधी विचारत नाही. घोडेस्वारी ही आपल्या पूर्वजांची विद्या, असे मात्र अभिमानाने सांगतो. ती विद्या सुरू कोठून होते, हे पाहण्यासारखे आहे.

हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) यांचे कथन सहीह बुखारीत आले आहे. हजरत जुबैर (रजि.) यांच्याशी विवाह झाला तेव्हा त्या घरी एक घोडा आणि पाणी वाहणारा एक उंट यांखेरीज काही नव्हते. घोड्याला चारा घालणे, पाणी आणणे, फाटलेली मोट शिवणे, हे सारे अस्मा (रजि.) करीत. सुमारे दोन मैलांवरच्या जमिनीतून खजुराच्या बियांचे ओझे त्या डोक्यावर वाहून आणीत. पुढे वडिलांनी घोड्याची निगा राखण्यासाठी एक सेवक पाठवला, तेव्हा त्यांना जणू आपली गुलामीतून सुटका झाल्यासारखे वाटले. जुबैर (रजि.) यांचे शौर्य आपण मुलांना सांगतो, पण ज्या घोड्यावर ते बसत त्याच्या पोटात दाणा कोणाच्या कष्टाने गेला, तेही सांगायला हवे. आपल्या मुलींना तर अवश्य.

म्हणून शिकणाऱ्या मुलाने पहिले काही दिवस खोगिराला हात लावू नये. घोड्याजवळ डाव्या खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जावे. थेट मागून कधीही जाऊ नये, कारण तेथले त्याला दिसत नाही आणि दचकलेला घोडा लाथ मारतो. मग खरारा करावा. पाठीवर चिखलाचा एक खडा राहिला तरी खोगिराखाली तो कातडी सोलून काढतो. चारही खूर उचलून आतली माती व खडे काढावेत. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचे किंवा एकदम पुष्कळ खाल्ले तर पोटशूळ उठून त्याचा जीवही जाऊ शकतो. त्यामुळे वैरण थोडी थोडी आणि वारंवार द्यावी, चंदी बेताने द्यावी, स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. तंग आवळताना एकदम जोर लावू नये. फेरी संपल्यावर त्याला सावकाश चालवून थंड करावे आणि मगच बांधावे.

ही कामे दीनपासून वेगळी आहेत, असे कोणी समजू नये. घोड्याच्या कपाळावरचे केस, आयाळ आणि शेपूट कापू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. शेपटीने तो माश्या वारतो आणि आयाळ त्याला ऊब देते. जनावराच्या तोंडावर मारण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. एका अन्सारी तरुणाचा उंट प्रेषितांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. प्रेषितांनी त्याला कुरवाळून शांत केले, मालक कोण म्हणून विचारले, आणि पुढे आलेल्या त्या तरुणाला बजावले की अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराच्या बाबतीत तू अल्लाहला भीत नाहीस काय. तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, अशी याची तक्रार आहे. तरुणपण ही सबब तेथे चालली नाही.

लगाम हाती घेणाऱ्याने हजरत आयशा (रजि.) यांचा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्या एका अडेल उंटावर बसल्या आणि त्याला मागेपुढे हिसके देऊ लागल्या. प्रेषितांनी त्यांना सौम्यपणे वागण्यास सांगितले. घोड्याचे तोंड फार नाजूक असते. शिकाऊ मूल तोल सावरण्यासाठी लगाम ओढते आणि त्याची शिक्षा घोडा भोगतो. म्हणून आरंभी लगाम शिकवणाऱ्याच्याच हाती असावा आणि मुलाने मांड पक्की करावी. भीती वाटली तर लाजू नये. हजरत जरीर (रजि.) हे मोठे सरदार, पण त्यांची घोड्यावर मांड ठरत नसे. त्यांनी ते प्रेषितांना मोकळेपणाने सांगितले आणि प्रेषितांनी त्यांच्यासाठी दुआ केली.

मदीनेत शर्यती होत. कमावलेल्या घोड्यांची धाव पाच-सहा मैलांची, तर न कमावलेल्यांची सुमारे एकच मैल ठेवलेली असे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) त्या शर्यतीत धावले होते. ज्याची जेवढी ताकद, तेवढेच अंतर! नालेखालचा दगड तापलेला असताना दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यापुढे उभे राहिल्यावर हे अंतर आठवावे.

स्वार होताना आपण जी दुआ म्हणतो, तिचा आशय सूरह अज्-जुखरुफमध्ये आहे: हे वाहन अल्लाहने आमच्या अधीन केले, एरवी त्याला काबूत आणणे आमच्या आवाक्यातले नव्हते. ती मुलाकडून अर्थासह पाठ करून घ्यावी. आणि पुढच्या सुटीत पैसे देण्यापूर्वी घोडेवाल्याला नम्रपणे विचारावे, याने पाणी केव्हा प्यायले, सकाळपासून किती फेऱ्या झाल्या? खोगिराच्या कडेला जखम दिसली तर त्या घोड्यावर मुलाला बसवू नये. का बसवले नाही, ते तेथेच त्याला समजावून सांगावे.