चार ठिपके, एक रंग

दिवाळीत दारापुढची रांगोळी पाहताना एक गंमत लक्षात येते. पांढरी रेघ जरा तुटली, की नजर तिथेच अडते. पण आत भरलेला गुलाबी रंग रेघेबाहेर थोडा सांडला, तरी कुणाला फारसं खटकत नाही. बारीकसारीक आकार आपला डोळा ओळखतो तो मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. रंगाच्या बाबतीत तो बराच उदार आहे.

डिजिटल व्हिडिओचं गणित याच उदारपणावर उभं आहे. चित्र म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लागतात : एक उजळपणाचा, दोन रंगाचे. म्हणजे शेजारशेजारच्या चार ठिपक्यांना बारा. डीव्हीडीवर किंवा इंटरनेटवर आपण जे पाहतो, त्यात बहुधा ‘४:२:०’ ही पद्धत असते. तीत चारही ठिपक्यांचा उजळपणा वेगवेगळा नोंदवतात. रंगाचे दोन आकडे मात्र चौघांत मिळून एकदाच. बाराचे सहा झाले! निम्मी माहिती गेली आणि कुणाची तक्रार नाही. वगळलेले रंग पाहतेवेळी यंत्र शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरून काढतं.

मग प्रश्न पडतो : समोरच्याला कळणारच नाही ते वगळणं, ही काटकसर की फसवणूक?

परदेशात राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न नवा नाही. दर रविवारी फोनवर ‘सगळं ठीक’ असं आपण सांगतो आणि तिकडूनही तेच ऐकतो. माझी नोकरी गेली तेव्हा चार महिने मी आईला कळू दिलं नव्हतं. आणि वडिलांची बायपास झाली, हे मला ते घरी आल्यावरच समजलं. “तू तिथून काय करणार होतास? उगाच जिवाला घोर,” आई म्हणाली. तिचंही खरंच होतं. मधल्या रविवारी तिचा आवाज नेहमीचाच होता. रेघ कुठे तुटली नव्हती. आतले रंग मी अंदाजाने भरले होते, आणि ते चुकीचे होते.

व्हिडिओवाल्यांनी तरी वेगळं काय केलं? एक तर, किती वगळलं ते उघड लिहून ठेवलं. १९८२ साली स्टुडिओंसाठी ‘सीसीआयआर ६०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यात दर ओळीत उजळपणाचे ७२० नमुने आणि रंगाच्या दोन घटकांचे प्रत्येकी ३६०, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. लपवाछपवी नाही.

दुसरं म्हणजे, पुढे त्या चित्राचं काय होणार, याचा विचार केला. हवामान सांगणारा निवेदक हिरव्या पडद्यापुढे उभा राहतो आणि आपल्याला त्याच्यामागे नकाशा दिसतो. त्यासाठी यंत्राला केसांच्या कडेपर्यंतचा रंग नेमका कळावा लागतो. ४:२:० चित्रात तो नसतो, म्हणून कडा दातेरी दिसतात. अशा कामाला रंग कमी वगळलेलं, शक्य तर पूर्ण रंगाचं चित्र घेतात. कारण एकदा टाकून दिलेला रंग मागाहून परत आणता येत नाही. नुसतं पाहायला जे पुरतं, ते काम करायला पुरत नाही.

आमच्या घरी चुकलं ते इथे. आईने मला पाहणारा समजून हिशेब केला. पण मी त्या दुखण्याचा प्रेक्षक नव्हतो, मुलगा होतो. काही करता आलं नसतं, तरी विमानाचं तिकीट काढायचं की नाही, हे ठरवायचा हक्क माझा होता. तिच्यापासून नोकरीची गोष्ट लपवताना मीही तिला प्रेक्षकच केलं होतं.

सर्दी-पडसं, ऑफिसातल्या कुरबुरी आम्ही आजही वगळतो. सगळंच सांगायचं म्हटलं तर रविवार पुरायचा नाही. पण फोन ठेवण्यापूर्वी आई आता एक प्रश्न न चुकता विचारते : “आणि न सांगितलेलं काही?”

मग तोच प्रश्न मीही तिला विचारतो.