गर्दीतील प्रार्थना

बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर आहे. धीम्या गाडीने जाण्यास तासाहून अधिक वेळ लागतो, आणि परतताना तितकाच. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून चाकरीस गेलेले पुष्कळ तरुण त्या बाजूस, तसेच अंधेरी, घाटकोपर व मुलुंड येथे राहतात. सुटीत घरी आले म्हणजे ते सांगतात, "प्रार्थनेस वेळच उरत नाही, गाडीत उभ्याउभ्या देवाशी दोन शब्द बोलतो, तेवढेच." हे ऐकून वडील मंडळी मान हलवितात. कोणाचे कोपर बरगडीत रुतत असता केलेली प्रार्थना ही खरी प्रार्थना होय, की देवापुढे ठेवलेले उरलेसुरले?

ती खरी असू शकते, असे माझे मत आहे. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. तुझी मागणी काय, असे राजाने त्यास विचारले, तेव्हा प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. राजा व राणी समोर बसलेली. गुडघे टेकण्यास सवड कोठून असणार? एका श्वासाची ती प्रार्थना, तरी ती ऐकली गेली.

परंतु हा वृत्तांत दुसऱ्या अध्यायातला आहे, आणि पहिला अध्याय आपण घाईने वाचतो. किसलेव महिन्यात यरुशलेमेच्या दुर्दशेची वार्ता कळल्यावर तो कित्येक दिवस रडत, उपास करीत व प्रार्थना करीत राहिला. राजापुढील प्रसंग नीसान महिन्यातला, म्हणजे सुमारे चार महिन्यांनंतरचा. त्या एका क्षणाची प्रार्थना ह्या साठ्यातून निघाली. ज्याच्या घरी साठा नाही, त्याचे गाडीतील दोन शब्द लवकरच एक होतात, आणि पुढे तोही राहत नाही.

दार लावून प्रार्थना करावी असे प्रभूने ज्या खोलीविषयी सांगितले, तिच्याकरिता ग्रीक शास्त्रात जो शब्द आहे, त्याचा एक अर्थ सामानसुमान साठविण्याची कोठी असा आहे. गालीलातील गरिबाकडे प्रार्थनेची निराळी खोली कोठली? एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या अंधेरीच्या कुटुंबाने ह्यावरून धीर घ्यावा. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वीचा अर्धा तास हीच त्यांची कोठी.

वेळ मिळाला की प्रार्थना आपोआप होते, हाही एक भ्रमच. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकलगाड्या थांबल्या, आणि सामान्य प्रवाशांना त्या कित्येक महिने बंद होत्या. ज्यांचे काम घरूनच चाले, त्यांना रोजचे दोन तास आयते परत मिळाले. काही घरी कौटुंबिक उपासना पुन्हा सुरू झाली खरी. पण अनेक घरी ते तास मोबाईलने गिळले. (हे यंत्र खेड्यातही किती भुकेले आहे, ते उपदेशकांस सांगावयास नको.)

ह्या बाबतीत आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे पाहावे. त्याच लोकलगाड्यांत त्यांची भजनी मंडळे टाळ घेऊन बसतात: ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले सोबती. त्यांना वेळ सापडला नाही, त्यांनी तो नेमिला. दानिएलावर तर राज्यकारभाराचा भार होता. तरी दिवसातून तीन वेळा त्याचे गुडघे टेकत.

गावाकडील बाप मुलास फोनवर "जेवलास का?" असे विचारतोच. त्याला लागून "आज प्रार्थना केव्हा केलीस?" असेही विचारावे. "गाडीत केली" असे उत्तर आले तर रागावू नये. "बरे केलेस, आणि घरी?" एवढेच म्हणावे, व उत्तराची वाट पाहावी.