नळीतला बार

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात बनशंकरीतल्या मामांनी माळ्यावरून ठासणीची बंदूक खाली काढली. पणजोबांची, बेळगावहून धोतरात गुंडाळून आलेली, आता गंजून लाल झालेली. पूजेत ती चकचकीत दिसावी, म्हणून मामेभावाने पॉलिशपेपर आणि लिंबं आणून ठेवली होती.

मी म्हटलं, आधी ती रिकामी आहे का पाहू. तोंडासमोर न येता नळीत लाकडी काठी सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. ती केपच्या छिद्राशी पोहोचायला हवी. आमची काठी चार बोटं कमी भरली. बार भरलेला होता. काळी दारू कोरडी राहिली, तर शंभर वर्षांनीही पेटू शकते.

पणजोबा रानडुकरं मारत, असं आम्ही ऐकत आलो. हा शेवटचा बार कुणासाठी ठासला होता? मामी म्हणाल्या, "चोरांसाठी असेल." मामा जरा थांबून म्हणाले, "कुळांसाठीही असेल."

"ते आता कशाला उकरायचं?" मामेभाऊ म्हणाला.

भाषांतर करताना हा प्रश्न मला नेहमी भेटतो. जुन्या मजकुरात जातीवरून दिलेली शिवी येते. मऊ शब्द घातला की वाक्य नीटनेटकं होतं आणि शिवी देणारा सुटतो. पण ती तशीच ठेवली, तर आज वाचणाऱ्या कुणाला पुन्हा लागते. म्हणजे बार तसाच ठेवला, असंही म्हणता येईल.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या शस्त्रांना सूट आहे; मात्र दुरुस्त करूनही ती चालवता येणार नाहीत, अशी असतील तरच. आमची त्यात बसते की नाही, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो. मामांनी पोलीस ठाण्यात कळवलं. बार परवानाधारक कारागिराने काढला. धोका गेला, तरी प्रश्न उरलाच.

लाल गंज सुटा असतो, ओल धरून लोखंड खात राहतो. त्याखालचा काळा थर घट्ट बसतो आणि धातू राखतो. काचकागद दोन्ही काढतो, वर कारागिराच्या खुणाही पुसतो. आम्ही तेल लावून बारीक तारेच्या लोकरीने फक्त लाल गंज उतरवला आणि वरून मेणाचा हात दिला. वास्तूंसाठी केलेली १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा. हे मलाही लागू आहे. पुराव्याशिवाय मी पणजोबांना खुनी ठरवू शकत नाही. पण मग निव्वळ शिकारीही ठरवू शकत नाही.

म्हणून शिवी मी ठेवते, फक्त ती कुणाच्या तोंडची आहे हे झाकू देत नाही. पुसण्याचा हक्क ज्याला ती लागली त्याचा, माझा नव्हे.

खंडेनवमीला बंदूक पाटावर होती, काळपटच. शेजारच्या वाटीत मामांनी शिशाची गोळी ठेवली. बाहेर रस्त्यावर गाड्यांपुढे कोहळे फुटत होते. नातवाने विचारलं, "अज्जा, ही कुणाला मारायची होती?"

मामा म्हणाले, "ठाऊक नाही, बाळा. पण कुणाला तरी."