सारखं म्हणजे समान?

मुंबईच्या गिरण्यांचा दरवाजा आपल्या वाडवडलांना उघडा होता. पण साचाखात्यात, जिथं पगार जास्त, तिथं मज्जाव. का? धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांना रोखठोक विचारला.

म्हणजे दार उघडं असणं वेगळं आणि आत जागा मिळणं वेगळं.

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. माझा एक दोस्त मात्र कॉलेजात गेला. दिवाळीनंतर सरांनी लिहायला दिलं, 'सुट्टीतला प्रवास'. हा सुट्टीभर आईबापासंगं ऊस तोडत होता. त्यानं न पाहिलेलं महाबळेश्वर लिहिलं. मार्क चांगले पडले.

सर वाईट नव्हते. म्हणायचे, "मी कुणाची जात बघत नाही. सगळ्यांना सारखंच शिकवतो."

इथं माझं डोकं अडतं. मनात द्वेष नसलेला माणूस अन्याय करू शकतो का?

करू शकतो. कारण ते 'सारखं' त्याच्याच घराच्या मापानं बेतलेलं असतं. उसाच्या फडापर्यंतचा प्रवास त्यात बसत नाही. पोराला स्वतःचं जगणं लपवून पास व्हावं लागतं.

१९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोरांच्या पोटापाण्याकडं बघून वेळापत्रक वाकवलं. समता ती ही.

दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या पोरांना कसं वेगळं पाडलं जातं, हे थोरात समितीनं २००७ साली मांडलं. २०१२ साली यूजीसीनं भेदभावाविरुद्ध नियम केले. नियम हवेतच. पण नियम शिवी पकडेल, हे 'सारखं' कसं पकडणार? त्यासाठी शिकवणाऱ्यालाच शिकावं लागेल. समोर कोण बसलंय, कुठली बोली घेऊन आलंय, हे प्राध्यापकांच्या उजळणी वर्गातला पहिला धडा झालं पाहिजे.

आणि दोस्तांनो, आपण? आपल्या अभ्यासमंडळात एक पारधी पोरगा यायचा. त्याच्या बोलण्याला आपण हसलो. मीपण हसलो. तो यायचा बंद झाला. आपलंही दार सगळ्यांना उघडंच होतं की!

येत्या रविवारी मी त्याच्या पालावर जाणार आहे. शिकवायला नाही, ऐकायला. कोण येतंय संगं?

जयभीम.